रोशाचे तेल : शुद्धतेवरच भाव

खानदेशच्या डोंगरउतारांवर रोशा गवत आपोआप उगवते. त्याचे तेल पूर्वी मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जाई व गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. पुढे घाटकोपरपलीकडील मुलुंड येथे, १९२२ साली स्थापन झालेल्या केळकर कंपनीचा सुगंधी द्रव्यांचा कारखाना उभा राहिला. साबणात व त्वचेच्या तेलांत रोशाचा उपयोग आजही होतो.

या तेलात जिरॅनिऑल हे द्रव्य शेकडा ७० ते ८५ असते. हवा, ऊन व उष्णता यांनी ते बिघडते. असे तेल लावल्यास अंगावर खाज व पुरळ उठण्याचा संभव असतो, आणि शेतकऱ्याच्या मालाचा भावही जातो.

म्हणून गवत फुलोऱ्यात असताना कापावे. भट्टीतून निघालेल्या तेलातील पाणी पूर्णपणे काढावे. तेल गडद काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून, घट्ट बूच लावून थंड जागी ठेवावे.

घरगुती उपयोगासाठी १०० मिलिलिटर तिळाच्या तेलात १ मिलिलिटरहून अधिक रोशा तेल घालू नये. तिळातील नैसर्गिक द्रव्ये तेलाच्या खवटपणास अटकाव करतात. प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. विक्रीसाठी प्रसाधने तयार करावयाची असल्यास सरकारी परवाना आवश्यक आहे, हे ग्रामसेवकांनी शेतकरी बंधूंना अवश्य समजावून द्यावे.