वावर नावावर करताना



उसाचे बिल निघाले की घरोघरी विषय निघतोच : "बाबा, वावर आता आमच्या नावावर करून टाका." केनवडकडच्या ओसरीवर मग म्हातारे हळूच सांगतात, "जेवाले भेटते बाप्पा, पण सुपारीलेबी पोराले पैसे मांगा लागते." दुःख भाकरीचे नाही, मागण्याचे आहे.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ म्हणून ठाऊक असावे. सांभाळण्याच्या अटीवर जमीन बक्षीस दिली आणि पोराने सांभाळले नाही, तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. मात्र ती अट बक्षीसपत्रातच लिहून घ्यावी. तोंडी शब्द सिद्ध करणे जड जाते. (पोरे रुसतात. रुसू द्या.) मृत्युपत्र केले तर हयातीत जमीन आपल्याच नावावर राहते.

लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापून तो आई-वडिलांना देण्याचे ठरवले. उसाच्या बिलातून अशी कपात कोण करणार? ती घरानेच करावी. पहिल्याच हप्त्यातून ठरलेला वाटा म्हाताऱ्यांच्या खात्यावर, त्यांच्याच सहीने निघेल असा टाकावा. आणि आईचे खाते वेगळे काढावे. सातबाऱ्यावर तिचे नाव बहुधा नसतेच.