पाणबुडीचा रिमोट : ७२ वरून २७ वर

"काहून बे, पाणबुडी बुडाली काय?"

मेसच्या रांगेत हा प्रश्न मला निदान पन्नास वेळा ऐकावा लागला. मित्रांनो, हसा खुशाल! पण ती का बुडाली हे समजायला आम्हाला अख्खं सेमिस्टर लागलं. त्यातून जे शिकलो ते पुढच्या बॅचच्या कामी यावं, म्हणून हा लेख.

आमचं मॉडेल साधंच होतं. चार इंची पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना झाकणं, मागे मोटर आणि पंखा, आत पाणी घ्यायची-सोडायची टाकी. रिमोट मात्र नवाकोरा, २.४ गिगाहर्ट्झचा. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "पाण्यातही चालते." चाचणीसाठी दारव्हा रस्त्यावरचं एका मित्राचं शेततळं ठरलं. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ मध्ये आली, तेव्हापासून आपल्या भागात अशी तळी बरीच झाली आहेत. हे जवळपास दहा फूट खोल, आतून प्लास्टिकचं अस्तर लावलेलं.

पाणबुडी पृष्ठभागावर मस्त फिरली. टाकीत पाणी घ्यायचा हुकूम दिला, ती वीतभर खाली गेली, आणि मग काहीच नाही. वर यायचा हुकूम तिच्यापर्यंत पोचलाच नाही. आमच्यातला एक जण शर्ट काढून निघालाच होता. मित्राच्या बाबांनी त्याचा दंड धरला. "पोट्टेहो, ते गेलं तं गेलं. या तळ्यात उतरलेला माणूस बाहेर येत नाही. पन्नीवर पायच टिकत नाही." पोहणारा माणूसही या ओल्या उतारावर घसरत राहतो आणि शेवटी थकतो. विहिरीतली बादली काढायचा गळ टाकून पाणबुडी दोन तासांनी वर काढली. त्या दिवशी एक गोष्ट मनाशी पक्की केली. जे मॉडेल परत आणायला माणसाला पाण्यात उतरावं लागेल, ते मॉडेल अपुरं समजायचं.

चूक कुठे झाली? २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची ऊर्जा पाण्याचे रेणूच शोषून घेतात. हिशेब केला तर गोड्या पाण्यात मीटरमागे सुमारे २५० डेसिबलची घट येते. म्हणजे वीतभर पाण्यातच ५० डेसिबल, सिग्नलचा लाखावा हिस्सा उरतो. याउलट २७ मेगाहर्ट्झला घट ठरते ती मुख्यतः पाण्यातल्या क्षारांवरून. केमिस्ट्री लॅबमध्ये मोजलं तेव्हा शेततळ्याच्या पाण्याची विद्युतवाहकता मीटरला ०.०३ सीमेन्स निघाली, होस्टेलच्या बोअरच्या पाण्याची ०.१२. त्यावरून तळ्यात मीटरमागे ५ डेसिबल आणि बोअरच्या पाण्यात २० डेसिबल घट येते. जे मॉडेल तळ्यात तीन मीटर खोल ऐकेल, ते होस्टेलच्या टाक्यात मीटरभरातच बहिरं होऊ शकतं. समुद्रात तर २७ मेगाहर्ट्झही पाच-सहा इंचांत संपतं. म्हणून खऱ्या पाणबुड्यांना संदेश देण्यासाठी नौदलाने तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात आय.एन.एस. कट्टबोम्मन हे केंद्र १९९० साली सुरू केलं. त्याचा पट्टा किलोहर्ट्झचा, म्हणजे आपल्या हजारावा हिस्सा.

योगायोगाने एका सीनियरच्या मामांनी अमेरिकेहून आणलेला जुना रिमोट मिळाला, ७२ मेगाहर्ट्झचा. पाण्याचा विचार केला तर ७२ सुद्धा चाललं असतं. पण अमेरिकेतच तो पट्टा मॉडेल विमानांसाठी राखीव आहे, जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या मॉडेलना तिथे ७५ मेगाहर्ट्झ दिलं आहे. कारण उघड आहे : आपल्या बोटीच्या सिग्नलमुळे दुसऱ्याचं विमान कुणाच्या डोक्यावर पडू शकतं. आपल्या देशात २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॉटपर्यंतच्या साधनांसाठी परवान्यातून मोकळा केला. आमचा रिमोट पाऊण वॉटचा. म्हणून ७२ वरून २७ वर यायचं ठरलं.

आता मुख्य काम. रिमोटचे दोन भाग असतात. पहिला भाग काड्यांची स्थिती मोजून प्रत्येक चॅनेलसाठी एक ते दोन मिलिसेकंदांचा पल्स बनवतो. याला रेडिओ तरंगाशी काही घेणंदेणं नसतं, म्हणून त्याला हात लावायचा नाही. दुसरा भाग रेडिओचा.

पहिला मोह होतो तो फक्त क्रिस्टल बदलण्याचा. एकाच पट्ट्यातल्या दोन चॅनेलसाठी ते जमतं, पट्टा बदलताना नाही. ७२ वरून २७ म्हणजे वारंवारता २.६७ पटीने कमी, आणि सूत्रात वर्गमूळ असल्यामुळे कॉइल आणि कपॅसिटर यांचा गुणाकार सातपट हवा. नुसते कपॅसिटर वाढवून पाहिलं. ऑसिलेटर चालला, पण पुढच्या पायरीला शक्तीच मिळेना. शेवटी जुना रेडिओ बोर्ड काढून ठेवला आणि नवीन बनवला : ऑसिलेटर, बफर, आउटपुट ट्रान्झिस्टर आणि फिल्टर. पल्सनुसार कॅरियर चालू-बंद होतो, म्हणजे साधं ए.एम. रिसीव्हरही जुना, २७ चा ए.एम.च वापरला.

यात आम्ही तीन ठिकाणी आपटलो.

एक : २७.१४५ लिहिलेला क्रिस्टल मुळात ९ मेगाहर्ट्झच्या आसपास कंप पावतो. त्याच्या तिसऱ्या ओव्हरटोनवर काम करून घ्यायला ट्यून केलेली कॉइल लागते. ती नीट नव्हती, म्हणून आमचा ट्रान्समीटर खुशाल ९ वर ओरडत होता!

दोन : ट्रान्समीटर आणि रिसीव्हरचे क्रिस्टल वेगळे असतात. फरक ४५५ किलोहर्ट्झचा, म्हणजे रिसीव्हरमध्ये २६.६९०. दिसायला दोन्ही सारखेच. अदलाबदल झाली तर आपण परवानामुक्त पट्ट्याबाहेर बोलू लागतो. त्यावर रंगीत टेप लावा.

तीन : फिल्टरशिवाय २७.१४५ चा चौथा हार्मोनिक १०८.५८ वर येतो. आकाशवाणी ज्यावर ऐकतो तो एफ.एम. पट्टा १०८ ला संपतो आणि तिथूनच विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा सुरू होतो. म्हणून दोन कॉइल आणि तीन कपॅसिटरचा लो-पास फिल्टर बसवला. स्पेक्ट्रम अॅनालायझरवर ते टोक दबलेलं दिसेपर्यंत लॅब असिस्टंट काकांनी अँटेना जोडू दिली नाही, सगळी चाचणी ४७ ओहमच्या कार्बन रेझिस्टरवर. तेव्हा त्यांचा राग आला होता. आज त्यांचेच आभार मानतो.

अँटेनाचंही सांगतो. २७ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी पावणेतीन मीटर होते, रिमोटची दांडी मीटरभरच. म्हणून बुडाशी लोडिंग कॉइल लागते. पाणबुडीवर इन्सुलेशन असलेली वायर लावली आणि तिचं उघडं टोक इपॉक्सीने बंद केलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फेलसेफ. २७ च्या पट्ट्यावर जत्रेतल्या खेळण्यातल्या गाड्यासुद्धा असतात, तेव्हा सिग्नल कधीतरी बिघडणारच. म्हणून एक छोटा मायक्रोकंट्रोलर पल्स मोजत राहतो. दोन सेकंद योग्य पल्स आला नाही, तर तो स्वतःच टाकी रिकामी करतो आणि पाणबुडी वर येते. शिवाय शेपटीला नायलॉनची दोरी कायमची बांधलेली.

दुसऱ्या चाचणीला मित्राचे बाबा काठावर खाट टाकूनच बसले. पाणबुडी सात फूट खाली गेली, वळली, वर आली. मग मी मुद्दाम रिमोट बंद केला. एक... दोन... आणि टाकीतलं पाणी सोडत ती वर आली. बाबा म्हणाले, "आता जमलं. आता कोणी उडी नाही मारणार."

सर्किटचा नकाशा आणि जुना बोर्ड कम्युनिकेशन लॅबच्या कपाटात ठेवला आहे. पुढे करायचं असेल त्यांनी जरूर न्या. फक्त फेलसेफ आधी बनवा, पाणबुडी नंतर.