ट्यूबलेस सायकलच्या चाकात इन्सर्ट घालावा का?

इन्सर्ट म्हणजे टायरच्या पोकळीत रिमभोवती बसणारे फोमचे कडे. टायर दगडावर आपटून पूर्ण दबला की धक्का रिमऐवजी ते सोसते. हवा थोडी कमी ठेवता येते आणि वळणावर टायर रिमवरून सहसा सुटत नाही. काटा मात्र त्याने अडत नाही. कारंजा तालुक्यातील धनजसारख्या गावी, जिथे काळ्या मातीचे पांदण रस्ते आणि बाभळीचे काटे, तिथे हा फरक आधी कळायला हवा. काट्याचे बारीक भोक बुजवते ते टायरमधले सीलंट. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते लवकर सुकते. दर 2-3 महिन्यांनी ते तपासणे इन्सर्टपेक्षा कितीतरी मोलाचे.

इन्सर्टमुळे प्रत्येक चाकाचे वजन साधारण 50 ते 250 ग्रॅम वाढते, सीलंटही जास्त लागते. टायर मोठा फाटला तर वाटेत ट्यूब घालण्याआधी सीलंटने माखलेले कडे बाहेर काढावे लागते, आणि ते काम फार किचकट. डांबरी रस्ता आणि शेतवाटेसाठी इन्सर्टची गरज नाही. खडकाळ उतारावर माउंटन बाइक वेगाने हाकताना रिमला पोचे पडत असतील, तर इन्सर्ट आधी फक्त मागच्या चाकात घालावा. स्वाराचे वजन तिथेच जास्त येते.