पिकअपमधला ॲम्प : खोक्यावरचे वॅट आणि बॅटरीतले अँपिअर

बोलेरो पिकअप असो की टाटाचा छोटा हत्ती, गाडी ताब्यात आली की नंबरप्लेटच्या पाठोपाठ टेप बसतो. या गाड्यांची स्वस्तातली मॉडेलं बऱ्याचदा टेपशिवायच मिळतात. मग सीटकव्हर जिथे घालायचं त्याच दुकानात डेक आणि दारातले दोन स्पीकर लावून घेतले जातात. चार दिवस बरं वाटतं. पण कांदा भरून कसारा घाट उतरताना डिझेल इंजिनाच्या घरघरीत गाण्याचे शब्द बुडतात, आवाज वाढवावा तर तो फाटतो, आणि कुणीतरी सांगतं, "ॲम्प टाक." सल्ला बरोबरच आहे. त्याच्या सोबत दुकानात जे ऐकवलं जातं, त्यातलं निम्मं मात्र चुकीचं असतं, आणि त्यातलं काही गाडी पेटवू शकणारं असतं.

"डेकच पन्नास वॅटचा आहे"

डेकच्या खोक्यावर ठळक छापलेलं असतं : ५० वॅट × ४. हा आकडा कुठून येतो ते कागदावर मांडता येतं. इंजिन चालू असताना गाडीची वीज साधारण १४.४ व्होल्टपर्यंत जाते. डेकमधल्या आयसीला तेवढ्यातच भागवावं लागतं, कारण व्होल्टेज चढवणारी वेगळी सोय डेकमध्ये सहसा नसते. ४ ओहमच्या स्पीकरवर हे १४.४ व्होल्ट सगळेच्या सगळे लोटले, तर १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे सुमारे ५२ वॅट होतात. झाले पन्नास. पण ते मिळतात लाट पूर्ण चौकोनी झाल्यावर, म्हणजे कोण गातंय तेही ओळखू येऊ नये इतका आवाज फाटल्यावर. स्वच्छ लाटेला हिशेबाने त्याच्या निम्मेच, २६ वॅट, मिळू शकतात. आयसीत जाणारी घट वजा केली की हातात १८ ते २० वॅट उरतात. खोक्यावर खोटं लिहिलेलं नाही, पण उपयोगाचंही काही लिहिलेलं नाही.

ॲम्पमध्ये १२ व्होल्ट वर चढवणारा सप्लाय असतो. डेक आणि ॲम्प यांच्यातला खरा फरक हाच. त्यामुळे त्याच ४ ओहमवर स्वच्छ ५०, ७५, १०० वॅट निघू शकतात. मात्र वाचायचा आकडा 'मॅक्स' किंवा 'पीएमपीओ' नव्हे, 'आरएमएस', म्हणजे सलग देता येणारी ताकद. त्यातही सीईए-२००६ (आता सीटीए-२००६) असा शिक्का असेल तर ताकद १४.४ व्होल्टला, ४ ओहमवर आणि एक टक्क्याच्या आत विकृती ठेवून मोजली आहे असं समजायचं. हे अमेरिकेतलं मानक आहे आणि ते ऐच्छिक आहे. आपल्याकडच्या स्वस्त मालावर ते दिसत नाही.

स्वस्त माल म्हणजे काय, तर '४४४० चा बोर्ड'. एलए४४४० हा सान्योचा जुना, भरवशाचा आयसी. कंपनीच्या डेटाशीटप्रमाणे तो दोन चॅनेलवर प्रत्येकी ६ वॅट देतो, ब्रिज करून एका चॅनेलवर १९. असे दोन आयसी चकचकीत पत्र्याच्या पेटीत घातले की पेटीवर हजार वॅटचं स्टिकर लागतं. वाईट वाटून घेऊ नका, १९ वॅटसुद्धा एका स्पीकरला बरे असतात. फक्त हजाराचे पैसे देऊ नका.

दुकानात उभ्या उभ्या करता येणारी एक परीक्षा आहे. ॲम्पच्या मागच्या बाजूचा फ्यूज बघा. '३००० वॅट' लिहिलंय आणि फ्यूज एकच, २० अँपिअरचा? २० गुणिले १३.८ व्होल्ट, म्हणजे आत जाणारेच जेमतेम २७६ वॅट. बाहेर त्याहून जास्त कुठून येणार?

वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होतो, हाही असाच एक समज. वॅट दुप्पट केल्याने आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला कळेल इतपतच. ऐकणाऱ्याला 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. वीसच्या जागी साठ-सत्तर वॅट आल्यावर सुधारणा वाटते ती मुख्यतः ढोलकीची थाप आता फाटत नाही म्हणून. आणि नुसता मोठा आवाजच हवा असेल, तर जास्त सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच वॅटला जास्त आवाज देणारा स्पीकर घेणं पुष्कळदा स्वस्त पडतं. ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर म्हणजे दुप्पट वॅटचं काम फुकटात.

"वायर कुठलीही चालते"

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलं आहे, म्हणून इथे जरा थांबू.

समजा ॲम्प खरोखरचा ४०० वॅट आरएमएस आहे आणि क्लास डी जातीचा, म्हणजे ८० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम आहे. पूर्ण जोरात तो ५०० वॅट ओढेल, १३.८ व्होल्टला हे झाले ३६ अँपिअर. जुन्या एबी क्लासचा असेल तर ५०-५५ च्याही पुढे. आता बॅटरीपासून सीटमागच्या ॲम्पपर्यंत पाच मीटर वायर धरा. घराच्या वायरिंगमधून उरलेली २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली, तर ३६ अँपिअरला वाटेतच सव्वा व्होल्ट पडतो आणि ४५ वॅटची उष्णता वायरमध्ये मुरते. डाग लावायच्या साध्या सोल्डरिंग आयर्नची ताकद २५ वॅट असते. ही उष्णता पाच मीटरभर पसरलेली असते हे खरं, पण ती वायर मॅटखालून, सीटच्या फोमला चिकटून गेलेली असते. तीच वायर ८ स्क्वेअर एमएमची असेल तर घट ०.४ व्होल्टच्या आत राहते.

तीही तांब्याचीच आहे का, हे बघून घ्या. 'ॲम्प किट' म्हणून मिळणाऱ्या जाड, लाल, लुसलुशीत वायरींत अनेकदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीच्या आसपास, म्हणजे त्याच कामाला ती दीडपट जाड हवी. ओळखायचं कसं? एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढुरकी निघाली तर ॲल्युमिनियम.

मग फ्यूज. "ॲम्पला फ्यूज आहे की!" आहे, पण तो ॲम्पसाठी. बॅटरीपासून ॲम्पपर्यंतच्या पाच मीटर वायरची राखण तो करत नाही. त्या वायरसाठी वेगळा फ्यूज लागतो आणि तो बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटिमीटरच्या आतच बसवायचा. त्याचा आकडा वायरला झेपेल असा हवा, ॲम्पच्या स्टिकरप्रमाणे नव्हे. बॉनेट उघडून बघा : पुष्कळ पिकअपमध्ये वायर बॅटरीच्या क्लॅम्पवर नुसती पिळून लावलेली असते आणि इंजिन व कॅबिन यांच्यामधल्या पत्र्याला पाडलेल्या भोकातून उघडीच आत गेलेली असते. भोकाला रबरी बुश नसतो. ऊसतोडीच्या शिवारातून, खडीच्या रस्त्यावरून रोज हादरणाऱ्या गाडीत पत्र्याची ती धार वायरचं प्लास्टिक कापायला किती दिवस घेईल? कापलं की शॉर्ट. स्टार्टर फिरवणारी बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर सोडते, आणि मध्ये फ्यूज नसेल तर वायरच लाल होते.

अर्थिंगची गंमत पिकअपमध्ये वेगळी आहे. या गाड्या चासीवर बांधलेल्या. कॅबिन रबराच्या बुशांवर बसलेली, मागचा हौदा तिसराच. कारमध्ये जवळच्या पत्र्याला स्क्रू मारला की अर्थ मिळतो. इथे हौद्याला मारला तर परतीची वाट गंजलेल्या बोल्टांमधून जाते. कॅबिनचा पत्राही बॅटरीच्या मायनसला एका बारीक पट्टीनेच जोडलेला असू शकतो. म्हणून प्लसइतक्याच जाडीची काळी वायर थेट चासीला रंग खरवडून, नाहीतर सरळ बॅटरीच्या मायनसला नेलेली बरी. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी ती 'घूंऽऽ' अशी शिटी ऐकली की दुकानदार नॉइज फिल्टर पुढे करतो. आधी हा अर्थ तपासा. डेकवरून येणारी आरसीए केबल आणि बॅटरीची वायर एकाच बाजूने आणलीय का तेही बघा. एक डावीकडून, एक उजवीकडून.

"हेडलाइट मिचमिचते? कपॅसिटर लावून देतो"

निळ्या आकड्यांचा डिस्प्ले असलेला तो एक फॅरडचा नळकांडा दिसायला झकास असतो. व्होल्टेज १४.४ वरून १२ वर येईपर्यंत तो देतो सुमारे ३२ जूल. ५०० वॅट ओढणाऱ्या ॲम्पला ते पुरतात सेकंदाच्या सोळाव्या भागाला. नंतर तोच पुन्हा अल्टरनेटरकडे हात पसरतो. लाइट मंद होण्याचं कारण अल्टरनेटर कमी पडणं, टर्मिनल पांढरे पडणं किंवा अर्थ कच्चा असणं यांपैकी एक असतं. टर्मिनल घासायला पॉलिश पेपर पुरतो. ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटर कमीच वीज देतो, हेही लक्षात असू द्या.

मोठी बॅटरी हा दुसरा उपाय सांगतात. इंजिन चालू असताना गाडीचा भार अल्टरनेटर वाहतो. मोठ्या बॅटरीचा उपयोग इंजिन बंद ठेवून वाजवताना. आणि सकाळी गाडी धक्का मारून सुरू करावी लागत असेल तर आधी रिमोटची वायर बघावी. डेकमागची ही निळी-पांढरी वायर ॲम्पला उठवते आणि झोपवते. ती सोडून कुणी ॲम्पचा रिमोट सरळ कायम करंट असलेल्या पिवळ्या वायरला दिला असेल, तर ॲम्प रात्रभर जागा राहतो.

मोठ्या ट्रकांत दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तिथे १२ व्होल्टचा ॲम्प चालवायला काही जण एकाच बॅटरीवरून वायर काढतात. ती बॅटरी कायम अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर जातात. तिथे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टरच हवा.

"गेन म्हणजे आवाजाचं बटण"

नाही. डेकमधून येणारा सिग्नल किती व्होल्टचा आहे हे ॲम्पला सांगणारं ते बटण आहे. एखाद्या डेकचा प्रीआउट २ व्होल्ट देतो, एखाद्याचा ४. गेन टोकाला फिरवला म्हणून ॲम्पची ताकद वाढत नाही. आवाजाचं बटण निम्म्यावर असतानाच ॲम्प दम तोडतो आणि फाटतो, एवढंच होतं.

बरोबर लावायला साधा मल्टिमीटर पुरतो. स्पीकरच्या वायरी सोडा. क्रॉसओव्हर आणि बेस बूस्ट बंद, डेकचा इक्वलायझर सपाट. ५० हर्ट्झचा एकसुरी टोन पेनड्राइव्हवरून लावा. घरच्या विजेची वारंवारता तीच असल्याने स्वस्त मीटरही ती नीट मोजतो. डेकचा आवाज पाऊण ठेवा. चॅनेल ७५ वॅट आरएमएसचा आणि स्पीकर ४ ओहमचा असेल, तर ७५ गुणिले ४ म्हणजे ३०० चं वर्गमूळ : १७.३ व्होल्ट. ॲम्पच्या टर्मिनलवर मीटरमध्ये एवढे एसी व्होल्ट दिसेपर्यंत गेन हळूहळू चढवा आणि थांबा. त्यानंतर दारातल्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. त्या छोट्या स्पीकरकडून ढोल वाजवून घेण्याचा हट्ट सोडला की गाण्याचे शब्द एकदम मोकळे होतात.

"कमी वॅटचा ॲम्प स्पीकर जाळतो" हे वाक्य याच गोंधळातून आलं. कमी वॅट कुणाला जाळत नाहीत. छोट्या ॲम्पकडून झेपेल त्यापेक्षा जास्त मागितलं की तो चौकोनी लाटा फेकतो, त्यांत सरासरी ताकद वाढते आणि पहिला बळी ट्वीटरचा जातो.

"वूफर मागे हौद्यात बसवू, जागा भरपूर आहे"

जागा आहे, बेस नाही. उघड्यावर खालचे सूर हवेत विरतात. शिवाय पहिल्या पावसात कागदी कोन भिजतो. पिकअपची कॅबिन लहान असणं ही अडचण समजली जाते, बेसच्या बाबतीत मात्र तो फायदा आहे. ध्वनिलहरीची लांबी कॅबिनपेक्षा मोठी झाली की आतल्या हवेचा दाब सगळा मिळून वरखाली होतो आणि खालचे सूर आपोआप चढतात. सीटखाली मावणारा उथळ डब्याचा आठ इंची वूफर, १००-१५० खरे वॅट, एवढ्यात काम होतं. बारा इंची दोन वूफर ही हौस आहे. हौसेला मोल नसतं, पण अल्टरनेटरला असतं.

हौद्यातला आवाज गावालाही ऐकू जातो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. 'गाडी माझी, टेप माझा' हे तिथे चालत नाही.

कॅबिनच्या आत कायदा बघायला येत नाही, पण कान असतात. अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाला आठ तासांची आहे, आणि प्रत्येक ३ डेसिबलमागे वेळ निम्मा होतो : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. ॲम्प बसला की मोबाइलवर डेसिबल दाखवणारं ॲप टाका, काचा बंद करा, रोज जेवढा आवाज ठेवता तेवढाच ठेवा आणि फोन ड्रायव्हरच्या कानाजवळ धरून बघा. मोबाइलचा आकडा काटेकोर नसतो, पण ८५ आणि ९५ यांतला फरक तो दाखवतो.