छावणी चालवणाऱ्या हातांची आठवण

अकोल्यात सिंधी कॅम्प आहे. अमरावतीत रामपुरी कॅम्प आहे. नागपूरला गेलं तर जरीपटका आहे. कापड घ्यायला, लग्नाचा बस्ता बांधायला आपण शेतकरी मंडळी या भागांत नेहमी जातो. पण ‘कॅम्प’ हा शब्द इथं कुठून आला, याचा विचार आपण सहसा करत नाही. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसे या छावण्यांत उतरली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत तर इतके निर्वासित आले की १९४९ मध्ये तिथे उल्हासनगर नावाचे गावच वसले.

आज त्या जागी दुकाने आहेत, बंगले आहेत. सिंधी बांधवांनी मेहनतीने ते उभे केले, यात वाद नाही. पण पहिल्या वर्षी तिथे पाणी कोणी भरले? धान्य कोणी मोजून दिले? संडास कोणी साफ केले? रात्री तापाने फणफणलेल्या लेकराला डॉक्टरपर्यंत कोणी नेले? ही नावे सहसा कोणत्या पाटीवर लिहिलेली नसतात. छावणी कोणत्या सरकारने उघडली हे इतिहासात राहते, ती रोज कोणी चालवली हे राहत नाही. त्या चालवणाऱ्यांबद्दल हा लेख आहे, आणि त्यातून आपल्या ग्रामपंचायतींनी काय घ्यावे हेही शेवटी सांगितले आहे.

पंचगंगेकाठची पोलिश वस्ती

आपल्या महाराष्ट्रात युरोपातल्या निर्वासितांची मोठी वस्ती होती, हे वऱ्हाडात फार थोड्यांना माहीत आहे. कोल्हापूरजवळ पंचगंगेकाठी वळिवडे नावाचे गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पोलंड देशाचे सुमारे पाच हजार लोक राहत होते. बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे.

त्यांची हकिगत थोडक्यात अशी. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून रशियाने हल्ला केला. पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना रशियाने मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकले. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच चाल केली, तेव्हा या कैद्यांची सुटका झाली. १९४२ मध्ये त्यातले लाखाहून जास्त लोक इराणमध्ये पोचले. तिथून कोणी आफ्रिकेत गेले, कोणी न्यूझीलंडला, कोणी मेक्सिकोला, आणि काही हजार हिंदुस्थानात आले. जामनगरचे महाराज दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आसरा दिला. मोठी वस्ती मात्र कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला झाली.

तिथे कौलारू बरॅकी बांधल्या गेल्या. शाळा, दवाखाना, चर्च, टपाल, नाटक-सिनेमाची जागा, सगळे काही उभे राहिले. शाळेत पोलिश शिक्षिका शिकवत. आपले काम आपण करायचे, हाताला काम नाही म्हणून बसून राहायचे नाही, असा त्या लोकांचा बाणा होता. दुसऱ्या बाजूने आसपासच्या खेड्यांतले आणि कोल्हापुरातले लोक छावणीच्या बाजारात माल घेऊन येत. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती, पण व्यवहार चालला. छावणी चालते ती अशी दोन्ही बाजूंच्या हातांनी.

१९४८ पर्यंत पोलिश लोक निघून गेले आणि त्याच बरॅकींत सिंधी निर्वासित आले. ती जागा म्हणजे आजचे गांधीनगर. घाऊक कापडासाठी साऱ्या पश्चिम महाराष्ट्रात प्रसिद्ध. एका देशाचे निर्वासित गेले, दुसऱ्या मुलखाचे आले, पण पाणी आणि धान्य दोघांनाही रोजच लागले.

पाच हजार माणसांचा रोजचा हिशेब

आता शेतकऱ्याच्या पद्धतीने हिशेब करू. संकटातल्या लोकांना किमान किती लागते, याचे प्रमाण आज जगभर मदतकार्य करणाऱ्या संस्थांनी ठरवलेले आहे. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी. वीस माणसांमागे एक संडास. शिध्यात साधारण ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल आणि ५ ग्रॅम मीठ.

पाच हजार माणसे धरली तर रोज ७५ हजार लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरच्या टँकरने साडेसात खेपा. धान्य रोज २० क्विंटल, म्हणजे क्विंटलाची वीस पोती. डाळ तीन क्विंटल, तेल सव्वाशे किलो, मीठ पंचवीस किलो. संडास अडीचशे, आणि ते रोज साफ व्हायला हवेत. वळिवड्याची छावणी याच आकड्यांवर चालली असे म्हणायचे नाही. पण ओझे केवढे असते याचा अंदाज यावरून येतो.

ही वीस पोती गाडीतून उतरवणारा कोणीतरी असतो. काट्यावर मापात पाप न करता तोलून देणारा कोणीतरी असतो. साठ्यात ओल आली का, सोंडे पडले का, हे बघणारा असतो. विहिरीत औषध टाकणारा असतो. ज्या दिवशी हा माणूस येत नाही, त्या दिवशी रांगेत भांडणे लागतात. तो आठ दिवस आला नाही तर हगवण सुरू होते. आपल्या गावात नळ सोडणारा दोन दिवस आजारी पडला की काय होतं, हे सरपंच मंडळींना वेगळं सांगायला नको.

आभार कोणाचे मानले गेले

पोलिश लोक उपकार विसरले नाहीत, हे त्यांच्याबद्दल सांगितलेच पाहिजे. पोलंडची राजधानी वॉर्सा येथे एका चौकाला त्यांनी ‘भल्या महाराजांचा चौक’ असे जामसाहेबांच्या आठवणीचे नाव दिले. कोल्हापुरात महावीर उद्यानात १९९८ मध्ये पोलिश लोकांनी स्मृतिस्तंभ उभारला. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्याला स्मारकाचा कार्यक्रम झाला, तेव्हा लहानपणी त्या छावणीत वाढलेले काही वृद्ध पोलिश लोक मुद्दाम आले. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे जाऊन अभिवादन केले.

एवढ्या वर्षांनी आणि एवढ्या लांबून येऊन आभार मानणे ही सोपी गोष्ट नाही. तरी एक लक्षात घ्यावे. दगडावर नाव येते ते राजाचे, संस्थानाचे, गावाचे. ज्याने बरॅकीपुढची मोरी झाडली त्याचे नाव येत नाही. यात पोलिश लोकांचा दोष नाही, कारण त्या माणसाचे नाव बहुधा कोणी लिहूनच ठेवले नव्हते. आपल्याकडे म्हण आहे, गाव करी ते राव न करी. राजाने जागा दिली, पण पाच वर्षे वस्ती जगवली ती गावाने. गावाचा उपकार फेडायचा तर माणूस जिवंत असताना, त्याचे नाव ठाऊक असतानाच फेडला पाहिजे. पन्नास वर्षांनी दगड सापडतो, माणूस सापडत नाही.

विदर्भातल्या वसाहती

हे सारे कोल्हापूरकडचे झाले. आपल्या विदर्भातही निर्वासितांच्या वसाहती आहेत. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. थंड मुलखातली ही माणसे विदर्भाच्या उन्हाळ्यात टिकली आणि धानाची शेती शिकली. हिवाळ्यात शहराशहरांत स्वेटर विकणारे तिबेटी आपण पाहतोच, ते अशाच वसाहतींमधून येतात.

या वसाहतींची घडी आपल्या खेड्यासारखीच असते. वसाहतीचा एक अधिकारी असतो, त्याला धरमशाळेतल्या तिबेटी प्रशासनाकडून नेमतात. आपल्या ग्रामसेवकाशी त्याचे काम बरेच जुळते. सहकारी संस्था असते, दवाखाना असतो. कागद फिरवणे, जिल्हा कचेरीत खेटे घालणे, बी-बियाणे वेळेवर आणणे, म्हाताऱ्यांकडे बघणे ही कामे कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत, पण त्यांच्यावरच वसाहत उभी असते. परागंदा होऊन साठ वर्षे होत आली म्हणून २०१८ हे वर्ष तिबेटी प्रशासनाने ‘थँक यू इंडिया’ या नावाने भारताचे आभार मानण्यासाठी पाळले. त्या आभारांत गोठणगाव परिसरातल्या शेजारी शेतकऱ्यांचा वाटा आहे, असे मी मानतो.

याच भागात आणि गडचिरोलीत चामोर्शी, मुलचेरा या तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेले निर्वासित वसले. धान आणि मासळी यांत त्यांचा हात धरणारे थोडे.

आपल्या घरातले पाच पैसे

आणि वऱ्हाडातल्या प्रत्येक गावाने निर्वासितांसाठी काही ना काही दिलेले आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक भारतात आले. त्यांच्या खर्चासाठी नोव्हेंबर १९७१ पासून १९७३ पर्यंत पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा, अनेकांना ते आठवेल. म्हणजे तिवशाहून माहेरी पत्र धाडणाऱ्या बाईनेही त्या छावण्यांतल्या कोणाच्या तरी ताटात घास घातला. ते तिकीट गावोगावच्या पोस्टमनने वाटले, त्याचा हिशेब ठेवला. तोही छावणी चालवणाराच.

आपल्यावर पाळी आली तर

निर्वासित म्हणजे लांबचे लोक, असे समजू नये. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातले मोवाड एका सकाळी उद्ध्वस्त केले. २०४ माणसे गेली. जगली ती अंगावरच्या कपड्यानिशी उघड्यावर आली. तीच वर्धा नदी आपल्या तालुक्याच्या शिवेवरून वाहते. पूर आला की गावच्या जिल्हा परिषद शाळेत माणसे ठेवावी लागतात. त्या वेळी खिचडी कोण शिजवते? शाळेतली पोषण आहाराची स्वयंपाकीण. निरोप घेऊन रात्री कोण फिरतो? कोतवाल. दुसऱ्या दिवशी शाळेचे संडास कोण धुते? पाहणीला आलेल्या साहेबांचा फोटो पेपरात येतो. या तिघांचा सहसा येत नाही.

मोठी गर्दी सांभाळायची रीत आपल्या तालुक्याला नवी नाही. गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात हजारो लोकांचे पाणी, जेवण, सफाई सेवक मंडळी पार पाडतात. झाडू हाती घेण्यात कमीपणा नाही, हे महाराजांनी आपल्याला याच मातीत शिकवले आहे.

आभार कसे मानावेत

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो. ज्या खांद्याने वर्षभर जू ओढले, त्याला लोणी-हळद लावतो, आवतण देतो, त्या दिवशी औत धरत नाही. मुक्या जनावराचे उपकार मानणारा हा समाज आहे. माणसांच्या बाबतीत आपली जुनी रीत बलुत्याची होती. खळ्यावर रास पडली की काम करणाऱ्याचा वाटा बाजूला निघायचा. पण त्या रीतीत जातीचे जोखड होते, आणि वाटा हक्काने न देता उपकार केल्यासारखा टाकला जायचा. ते परत आणायचे नाही. खांदेमळणीतली माया ठेवायची आणि मोबदला मात्र कायद्याने, ठरल्या तारखेला द्यायचा.

सरपंच, ग्रामसेवक आणि सदस्य मंडळींनी पुढील पाच गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे.

१) गावाचे पाणी, सफाई, दिवाबत्ती, निरोप, शाळेचा स्वयंपाक ही कामे करणाऱ्यांची नावे एका वहीत लिहावीत. पूर, आग, साथ अशा वेळी ज्यांनी काम केले त्यांची नोंद त्याच आठवड्यात करावी. पुढे आठवत नाही.

२) पगार आणि मानधन थकवू नये. बारा महिने पैसे थकवून १५ ऑगस्टला शाल-नारळ देणे हा सत्कार नव्हे. भविष्य निर्वाह निधीचे पैसे खात्यात पडतात का, हे त्या माणसाला दाखवावे.

३) सफाईवाल्यांना गमबूट, हातमोजे, साबण द्यावा. हाताने मैला साफ करायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे ध्यानात ठेवावे.

४) सणाच्या दिवशी आळीपाळीने सुटी द्यावी. त्या दिवशीचे त्यांचे काम तरुण मंडळाने करून पाहावे. आभाराचे भाषण मग आपोआप लहान होते.

५) ग्रामसभेत त्यांना नावाने हाक मारावी, ‘अहो-जाहो’ करावे आणि बसायला खुर्ची द्यावी. अडचण काय आहे ते आधी त्यांना बोलू द्यावे. पाण्याची गळती कुठे आहे हे इंजिनिअरच्या आधी नळ सोडणाऱ्याला ठाऊक असते.

यातल्या पाचापैकी तीन गोष्टींना पैसा लागत नाही. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा. आपल्या गावची वही तयार झाली की पंचायत समितीत आल्यावर मला दाखवा. कोणत्या गावाने पहिले पान कोणाच्या नावाने सुरू केले, हे बघायला मला आवडेल.

(लेखक तिवसा तालुक्यात कृषी विस्तार अधिकारी आहेत.)