व्हेंटिलेटरची मापने आणि रुग्णाचे श्वसनश्रम

व्हेंटिलेटर लावला की रुग्णाच्या श्वसनस्नायूंना आपोआप विश्रांती मिळते, असा समज सर्वत्र आढळतो. १९५२ मध्ये कोपनहेगन येथील पोलिओच्या साथीत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास पुरविला, तेथे हा समज बव्हंशी खरा होता. त्या रुग्णांचे स्नायूच निकामी झाले होते. ज्याचे स्नायू कार्यरत आहेत, अशा रुग्णाबाबत मात्र तो टिकत नाही. यंत्राने श्वास देण्यास आरंभ केल्यावरही रुग्णाचे स्नायू आकुंचन पावत राहतात, हे जॉन मारिनी व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मोजून दाखविले. हे श्रम किती, हे यंत्राच्या मापनांवर अवलंबून असते.

जुनाट श्वासनलिकारोगाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. अशा रुग्णाचा उच्छ्वास अपुरा राहतो व हवा आत अडकते. समजा, या अडकलेल्या हवेचा दाब पाण्याच्या १० सेंटिमीटर उंचीइतका आहे आणि यंत्र उणे २ सेंटिमीटरला प्रतिसाद देते. मग रुग्णाला एकूण १२ सेंटिमीटर ओढ निर्माण करावी लागते आणि यंत्राचा प्रतिसाद मिळेपर्यंत हवा आत येतच नाही. काही प्रयत्न तर यंत्रापर्यंत पोहोचतही नाहीत. पडद्यावर १८ श्वास दिसत असताना छातीवर ३० प्रयत्न मोजता येतात, असे घडू शकते. येथे उच्छ्वासाअखेरीचा दाब, म्हणजे ‘पीप’, ८ सेंटिमीटर ठेवल्यास यंत्र ६ सेंटिमीटरलाच प्रतिसाद देते. अडकलेल्या हवेचा दाब त्यामुळे वाढला नाही, तर आवश्यक ओढ १२ वरून ४ वर येते. दाब वाढवून श्रम कमी व्हावेत, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते खरे!

हवेच्या प्रवाहाचा वेगही महत्त्वाचा. धाप लागलेल्या रुग्णाची गरज मिनिटाला ६० लिटरची असताना यंत्र ४० लिटरच देत असेल, तर तो यंत्राशी झगडतो.

याउलट, संपूर्ण विश्रांतीही निर्धोक नाही. १८ ते ६९ तास व्हेंटिलेटरवर असलेल्या मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलातील स्नायुतंतूंचे छेदक्षेत्र तुलनेतील व्यक्तींपेक्षा निम्म्याहून अधिक घटलेले आढळले, असे सॅनफोर्ड लेव्हिन व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नोंदविले. म्हणूनच ‘प्रेशर सपोर्ट’ ठरविताना रुग्णाची मान व छाती पाहावी लागते: मानेचे स्नायू ताणले जात असतील तर आधार अपुरा, आणि श्वास मोठे, संथ होऊन रुग्णाचे प्रयत्न वाया जाऊ लागले तर तो बहुधा अधिक.