शेतकरी स्त्री आणि ‘अंगावरून जाणे’

आषाढात धानाची रोवणी सुरू झाली की गडचिरोलीकडील स्त्री दिवसभर बांधीच्या चिखलात वाकलेली असते. ओले लुगडे अंगाला चिकटते, जांघेत खाज सुटते, अंगावरून पांढरे जाते. पण याविषयी ती पतीजवळही बोलत नाही. याच जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत शेकडा ९२ स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या शेकडा ८.

थोडे पांढरे जाणे हा रोग नव्हे. दुधाचे दही करणाऱ्या जंतूंच्या कुळातील उपकारक जंतू निरोगी योनीमार्गात वास करतात. त्यांनी निर्माण केलेल्या आम्लामुळे अपायकारक जंतूंना तेथे जोम धरता येत नाही. साबण, जंतुनाशक औषध वा तुरटीचे पाणी यांनी आतून धुतल्यास हे रक्षकच नाहीसे होतात. निंदणीत तणाबरोबर पीकही उपटावे, तसाच हा प्रकार होय. बाहेरील भाग साध्या पाण्याने धुतला की पुरे. शौचानंतर मात्र पुढून मागे धुवावे. शेतातून परतताच ओले वस्त्र बदलावे. पाळीची कापडे साबणाने धुवून उन्हात वाळवावीत, असे आपण नेहमी सांगतो. परंतु अंगणातील दोरीवर ती टाकण्याची लाज वाटते, म्हणून ती दमट कोनाड्यात वाळतात. परसात ऊन येईल असा तट्ट्याचा आडोसा उभारणे हे पुरुषांचे एका सकाळचे काम आहे.

दह्याच्या फुटक्या कणांसारखा स्राव व खाज, माशासारखा वास, हिरवट-पिवळा फेसाळ स्राव, ओटीपोटात दुखणे यांपैकी काहीही आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. खाज वारंवार उलटत असेल तर रक्तातील साखरही तपासावी. फेसाळ स्रावाचा रोग संबंधातून पसरतो. अशा वेळी पतीनेही त्याच वेळी औषध घेतले पाहिजे. एरवी पत्नीला तो पुन्हा जडतो. पाळी कायमची गेल्यानंतर किंवा संबंधानंतर रक्त गेल्यास एक दिवसही दवडू नये, कारण ते गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते.

ग्रामसेविका व आशा कार्यकर्तीने हा प्रश्न सभेत विचारू नये. उत्तर मिळणार नाही. धान पाखडताना जवळ बसावे आणि ‘बाई, अंगावरून जाते का?’ असे तिच्याच शब्दांत विचारावे.